तापाला आमच्या वस्तीचं नाव

रविवारी आमच्या रेणूचं डोहाळजेवण होतं, तेलीबांध्याच्या तळ्याकाठी, तिच्या सासरी. रेणू म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी... ताईपेक्षा माझ्याच अंगाखांद्यावर जास्त वाढलेली.

मी हौसेनं हिरवा खण आणला होता. नारळ निवडताना तर दुकानदार वैतागला, इतके हलवून पाहिले. पहिली ओटी मावशीची, हे रेणूनं स्वतः फोन करून सांगितलं होतं.

आता मी राहते रायपुरातच, पण भनपुरीला. यजमान तिथंच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत. पावसाळा संपता संपता आमच्या भागात डेंगू आला... येतोच दरवर्षी, कधी या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कधी त्या. पण यंदा कोण्या भैताडानं व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला 'भनपुरी बुखार' म्हटलं आणि मग अख्ख्या रायपुरात तेच सुरू झालं.

ऑटोवाले आमच्याकडे यायला कुरकुर करायला लागले. यजमान मेन ऑफिसला मीटिंगला गेले, तर त्यांच्या शेजारी बसून कोणी डबा उघडेना. अरे, डेंगू डास चावून होतो, शेजारी बसून नाही... हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण नाव वस्तीचं पडलं ना, मग डासाला कोण विचारतो? चोर सोडून संन्याशाला फाशी.

तर मी पोचले. विहीणबाई, म्हणजे रेणूची सासू, हसतच दारात आल्या. मोठ्या गोड बोलतात त्या. मला रेणूच्या झोपाळ्यापासून लांब, बाल्कनीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही इथूनच आशीर्वाद द्या. ओटीचं राहू द्या यावेळेस. तुमच्याकडे ते भनपुरी बुखार चालू आहे ना... पोटुशी आहे पोट्टी, रिस्क काहून घ्यायची?"

डोकंच फिरलं माझं. आमच्या घरात कुणाला साधी शिंकही नव्हती. पण मुलीच्या सासरी, तिच्या कौतुकाच्या दिवशी भांडण कसं काढणार? ताईकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून हळदीकुंकवाचं ताट नीट करत बसली होती. मी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसले... आणि मी गप्प बसले की मला ओळखणाऱ्यांना समजतं, ही आतून किती पेटली आहे.

एकेक जण उठून ओटी भरायला लागली. तेवढ्यात त्यांच्या शेजारणीनं विचारलं, जावई दिसत नाहीत? विहीणबाई सहज म्हणाल्या, "वायरल झाला होता त्याला. प्लेटलेट्स उतरल्या होत्या, आता बरा आहे. झोपला आहे आत."

म्हणजे भनपुरीत आला की भनपुरी बुखार आणि तेलीबांध्याला आला की वायरल. तळ्याकाठच्या फ्लॅटमधले डास जास्त शिकलेले असतात की काय, देव जाणे.

रेणूनंही ते ऐकलं. लहानपणापासून मराठी सगळी समजते तिला, पण उत्तर हिंदीतच देते. तशीच बोलली, आवाज न चढवता. "मम्मीजी, इनको डेंगू हुआ था. डॉक्टर ने आपके सामने बोला. मैं रोज इन्हीं के पास बैठती हूं... फिर मौसी से क्या डर?"

विहीणबाई "बासुंदी पाहते" म्हणून आत गेल्या. रेणूनं झोपाळ्यावरूनच पदर पसरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. उठले मी... खण, नारळ, तांदूळ, सगळं तिच्या पदरात घातलं. रडू आलं, ते आलंच. मग ताईही रडायला लागली.

विहीणबाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही. वाढताना मात्र दोनदा आग्रह केला. त्या वाईट नाहीत हो... सुनेच्या काळजीनंच बोलल्या असतील. पण आमच्यासारखी हजारो माणसं जिथं राहतात, त्या जागेचं नाव तापाला चिकटवलं की चांगल्या घरातली चांगली बाईही सख्ख्या मावशीला दूर बसवते. याचाच मला संताप येतो. करोनात पूर्वोत्तरच्या पोरींना रस्त्यात 'करोना' म्हणून काय काय ऐकावं लागलं, ते पाहिलंय आपण. तरी शिकलो काय? काही नाही.

म्हणून हात जोडून सांगते, डेंगूला डेंगू म्हणा. उद्या तुमच्या गल्लीत निघाला तर तुमच्या गल्लीचं नाव मी देणार नाही.

आणि रेणू... भर बैठकीत सासूसमोर तू बोललीस, तुझी आई आणि मी दोघी मोठ्या असून गप्प होतो. तुझं बाळ आलं की पहिल्या दिवशी येईन मी, भनपुरीहूनच येईन, आणि सरळ मांडीवर घेईन.