सोबतीची नौका

नारायण पेठेत आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ युद्धनौकेच्या प्रतिकृतीचे नकाशे काढतात. तेही एकाच नौकेचे. महायुद्धात इंग्रजांच्या मालवाहू जहाजांच्या सोबतीने जायचं आणि बुडणाऱ्यांना वाचवायचं, हे तिचं काम. जिन्यात भेटले की ते हे सगळं सांगतात आणि शेवटी "जाऊ द्या, आपल्याला नाही कळायचं" म्हणतात. कुणी चुकून 'बोट' म्हटलं, तर बोलणं तिथेच थांबवून ते आधी 'नौका' म्हणायला लावतात. मूळ नकाशात ढीगभर चुका होत्या, असं त्यांचं ठाम मत आहे. तसल्या नकाशांवर इंग्रजांनी युद्ध जिंकलं कसं, याचं त्यांना अजून नवल वाटतं. सुधारलेला नकाशा जेवणाच्या टेबलावर कायम पसरलेला असतो, म्हणून वहिनी ओट्यापाशी उभ्यानेच जेवतात.

परवा त्या नकाशावरून केलेली लाकडी नौका पाण्यात सोडायला आम्ही तिघं खडकवासल्याला गेलो. काठावरच्या चिखलात वहिनींचा पाय घसरला आणि त्या थेट पाण्यात जाऊन बसल्या.

"अहो, हात द्या!"

दोन्ही हातांनी नौका छातीशी धरून गृहस्थ मागे सरकले. "हलू नकोस," ते म्हणाले, "लाटा येतायत."

शेवटी मीच वहिनींना बाहेर काढलं. पदर पिळत त्या शांतपणे म्हणाल्या, "सोडा आता तुमची बोट. पाण्यात वाचवायला कुणी उरलेलं नाही."

"बोट नव्हे," गृहस्थ म्हणाले, "नौका."