दारातली गोधडी

आत्याबाई गेल्या, हा निरोप घेऊन शेजारचे भाऊ रामटेकला माझ्या माहेरी आले, तेव्हा रडण्याआधी मी वेड्यासारखं विचारलं, "दारात की आत?" ते गोंधळले. "आत, वहिनी. भिंतीकडे तोंड करून..." मग मला रडू आवरेना.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गवळ्याचं घर. होळी झाली की त्यांचं बिऱ्हाड गुराढोरांसह सातपुड्याच्या पठारावर चढायचं, ते मृग लागेपर्यंत तिथंच. झोपड्या बांबूच्या, वर सागाची पानं. झोपडीला दार नसायचं. वासरं आत बांधायची आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं दाराच्या तोंडाशी आडवं झोपायचं, अशी रीत. तो मान होता. सासरे गेल्यावर तो आत्याबाईंकडे आला आणि थोड्याच दिवसांत सरकारनं जंगलातली चराई बंद केली. गुरं विकली. ह्यांनी आईला शहरात, रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं.

आल्या दिवशीच त्यांनी गोधडी दारात अंथरली. सकाळी दूधवाल्यानं घंटी वाजवली, मी दार ओढलं, ते थेट त्यांच्या पाठीत. मी आधीच तापट. "काहून दारात झोपता, आत्याबाई? मले जाता येत नाही, येता येत नाही!" त्यांनी माझ्या झोपलेल्या पोरांकडे बोट केलं. "वासरं आत हायेत ना वं?" कपाळ माझं! मी माझ्याच घरात कोंडल्यासारखी झाले. रोज चिडायचे. पण खरं सांगते, पोरं इतकी निर्धास्त पुन्हा कधी झोपली नाहीत.

दर होळीला त्या गोधडीची वळकटी करून बसायच्या. "बाबू, मले एकडाव वर ने. गुरं नको. झोपडी बांधू, झोपू, येऊ." हे म्हणायचे, "पुढच्या होळीले नेतो, माय." वर आता कुणाला राहू देत नाहीत, हे आईला सांगायची ह्यांची छाती होत नव्हती. यंदा अखेर सांगितलं. त्या बराच वेळ दाराची कडी खालीवर करत राहिल्या... "तुमच्या दाराले पल्ला हाय, कडी हाय. मंग मी कोणाले राखून राहिली गा?" त्याच दिवशी गोधडी आतल्या खोलीत, भिंतीपाशी गेली. दार मोकळं झालं, आणि मला ते बघवेना.

आत्याबाईंचे दिवस उरकले आणि परवा सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली. मी दूध घ्यायचा गंज घेऊन दार ओढलं, तर अडलं. हे दारात आडवे, अंगाखाली आईची गोधडी, डोळे टक्क उघडे. "उठा ना," मी म्हटलं.

"होळीले नेतो म्हटलं होतं मी तिले," हे म्हणाले, आणि हलले नाहीत. बाहेर दूधवाला घंटी वाजवत राहिला. मी रिकामा गंज धरून आत उभी होते.