उंबऱ्यावर थांबायचं नाही

नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात आमच्या समोरच्या घरात राहायची ती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, माझ्यासारखीच. दहाएक वर्षांपूर्वी दर शनिवारी आम्ही दोघी गावाबाहेरच्या स्की हॉलला जायचो. छताखाली बर्फाची टेकडी, तीही एवढीशी.

तिथले उड्या मारायचे उंचवटे सगळे कसलेल्या लोकांसाठी होते. हिने मॅनेजरच्या मागे लागून आमच्यासारख्या भित्र्यांसाठी कडेला एक बुटका उंचवटा करून घेतला आणि त्याचं नाव ठेवलं उंबरा. श्रीखंडावरून पळी फिरवावी तसं त्याच्या माथ्यावरून फावडं फिरवायची, मगच आम्हाला उतरू द्यायची. कुणी टोकाशी येऊन कचरलं की खालून ओरडायची, "अगं, उंबऱ्यावर थांबायचं नाही!" डच बायकांनाही मराठीतच. त्यांनाही ते कळायचं, कारण थांबणारी हमखास आपटायची.

पुढे स्की शिकवायचं शिक्षण घ्यायला ती ऑस्ट्रियाला निघाली, खऱ्या डोंगरांत. टॅक्सी आली होती. बॅग उचलून ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली, माझ्याकडे बघत.

मला म्हणायचं होतं, "नको ना जाऊस."

तोंडून तिचंच वाक्य गेलं.