छाटणीनंतरचे दोन दिवस

लग्न होऊन मी निफाडजवळच्या गावात आले तेव्हा सासरी गहू आणि ऊस होता. नव्वदचं दशक निम्मं सरेपर्यंत दोन्ही गेले आणि सगळ्या रानात द्राक्षं आली. काम तारखेवर चालू लागलं. कोणत्या दिवशी काय फवारायचं, किती पाण्यात किती औषध, सगळं कागदावर लागे. मी नाशिक रोडची, कॉमर्स शिकलेली, म्हणून कागद माझ्याकडे आला.

जुने बागवाले सांगत, पूर्वी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल आपल्या सवडीनं फुटायचा; एक काडी आज, दुसरी आठवड्यानं. आता व्यापाऱ्याला सगळा माल एका मापाचा आणि एकाच वेळी हवा होता. त्यासाठी छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत काडीवरच्या प्रत्येक डोळ्याला, जिथून कोंब फुटतो तिथे, हातानं एक औषध लावायचं. त्याला सगळे पेस्ट म्हणत.

पेस्टच्या कॅनवर बारीक इंग्रजीत सूचना होती: हे हाताळण्याआधी आणि नंतर काही दिवस दारू वर्ज्य. मी पिणाऱ्या पाच गड्यांची नावं लिहून कागद शेडच्या दारावर चिकटवला. यांनी पेस्टला हात लावायचा नाही; बागेत कामाला यायचं तर आठ दिवस दारू बंद. बायकांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांना काय सांगायचं, असं वाटलं.

थोरल्या जाऊबाई कागद बघून म्हणाल्या, "गावभर बोभाटा केलास. आता ह्यांच्या बायका तुला ओवाळतील."

"आणि गडी शिव्या घालतील."

"घालू दे. आठ दिवस त्यांच्या घरात शांतता तर हाय."

पेस्ट लावण्यात जाऊबाईंचा हात सगळ्यांत चलाख. हातमोज्यात बोटं अडकतात म्हणून त्यांनी ते काढून कमरेला खोचले होते. मी पाहिलं, आणि काम उरकतंय म्हणून बोलले नाही.

दुपारी जेवण झालं. जाऊबाईंनी नेहमीसारखी पिशवीतून अरिष्टाची, आयुर्वेदिक पातळ औषधाची, बाटली काढली. धाकट्या लेकीच्या बाळंतपणापासून त्या दोन्ही वेळा जेवणानंतर ते घेत. बाटली दर महिन्याला मीच निफाडहून आणायची.

थोड्या वेळानं त्यांचं तोंड लाल झालं, मग गळा, मग छाती. "ऊन लागलं जणू," एक बाई हसून म्हणाली. जाऊबाई ओळीत उठून उभ्या राहिल्या, तारेला धरलं आणि म्हणाल्या, "छातीत लय धडधडतंय गं." आणि खाली बसल्या त्या आडव्याच झाल्या.

आम्ही पिकअपमध्ये घातलं. निघताना मी पेस्टचा रिकामा कॅन बरोबर घेतला. निफाडच्या डॉक्टरांनी पुढे नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कॅन वाचला आणि थोरल्या दिरांना विचारलं, "यांनी आज दारू घेतली होती?"

"काय बोलता तुम्ही?" भाऊजी म्हणाले. "आमच्या घरातली बाई हाय ती. चला, गाडी काढा, दुसरीकडे नेऊ."

मला अरिष्टाच्या बाटलीवरची ओळ तेव्हा आठवली. आतल्या आत तयार होणारं अल्कोहोल, इतके टक्के. दर महिन्याला ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती. हे भाऊजींसमोर बोलायचं म्हणजे त्यांची बायको दारू प्यायली असं बोलायचं, आणि ती मी आणून दिली, हेही. डॉक्टर थांबले होते. स्ट्रेचरवर जाऊबाईंचा श्वास कापडात अडकल्यासारखा येत होता. भाऊजी स्ट्रेचरची कड धरून ओढायला लागले, तेव्हा मी बोलले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात सोडला. जाऊबाईंना आत नेलं.

त्या वाचल्या. हृदयाला धक्का बसला, असं डॉक्टर म्हणाले. आधीपासून कमजोर असावं, आपल्याला कळलं नसेल.

त्या संध्याकाळी जाऊबाईंना दवाखान्यात ठेवून परतताना भाऊजी गाडीत एवढंच म्हणाले, "ऊन लागलं म्हणून सांगायचं. दुसरं काही नाय."

दोन एकर छाटून पडलं होतं आणि मुदतीचा एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकांना हातमोजे वाटले, प्रत्येकीच्या हातात चढलेले पाहिले आणि म्हणाले, पेस्ट चालू आहे तोवर आणि पुढचे आठ दिवस कुणी कसलंही पातळ औषध घ्यायचं नाही.

"का वो वहिनी?" पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या एकीनं विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

तिनं मान हलवली आणि ओळीत शिरली. आमच्या बायकांना मी एवढं तरी सांगितलं. शेजारच्या बागांत त्याच आठवड्यात पेस्ट चालू होती, तिथे मी गेले नाही. तरी गावात कुठून तरी फुटलंच, आणि अर्धंच फुटलं. जाऊबाई पितात, एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं.

त्या वर्षी बाग पहिल्यांदाच सगळी एकदम फुटली. व्यापारी ओळीतून फिरला आणि खूश झाला. जाऊबाई तेव्हा ओट्यावर बसून होत्या. ओट्याला तीन पायऱ्या आहेत. चढताना दुसरीवर धाप लागून त्यांना बसावं लागे, आणि कुणी हात पुढे केला तर त्या माझा सोडून दुसऱ्या कुणाचाही धरत.