रेषेवर न बसणारी मुलं

मी पुण्याला निघाले त्या सकाळी माझी आई, अव्वा, स्टँडवर आली नाही. अप्पांनी स्वारगेटच्या गाडीत बॅग वर ठेवली, उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिकडं कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. लाजायचं नाही." आमच्या घरात कन्नड बोलतात, एवढं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं. आपलं गाव सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, तुमच्यासाठी हे लिहिते आहे. कारण पुण्यात बसून मीच शाळा बंद केली, असं गावात बोललं जातं.

नारायण पेठेत खोली मिळाली. मालकीणबाईंनी विचारलं, "आपण मराठीच ना?" मी हो म्हटलं. "बोलण्यावरून वाटत नाही," म्हणत त्यांनी किल्ली दिली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले, शाळांच्या चाचण्यांचं विश्लेषण करणाऱ्या कंपनीत लागले. माझ्या बोलण्यात डेटा, डेडलाइन, "करून टाकू या" आलं. मालकीणबाई आता शंका घेत नाहीत.

माझं काम मॉडेल तपासण्याचं. आमचं मॉडेल धरून चालतं, की ज्याला अवघड गणित येतं त्याला सोपं यायलाच हवं. अपेक्षेची एक रेषा असते आणि खऱ्या मुलांचे ठिपके तिच्यावर बसतात का, ते मी पाहते; या बसण्याला आम्ही फिट म्हणतो. गेल्या वर्षी चौथीच्या गणितात एका शाळेचे बसले नाहीत. सोपी गणितं चुकलेली, अवघड बरोबर. शाळा आपल्या गावची होती. माझी बालमैत्रीण महादेवी तिथे शिकवायची.

आमचे टीम लीड मंदार सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ओव्हरऑल फिट उत्तम आहे. या मुलांना कॉपीच्या संशयात टाक."

मी प्रश्नपत्रिका काढली. अवघड धरलेली गणितं नुसत्या आकड्यांची होती. सोपी सगळी मराठी वाक्यांत: "पेक्षा कितीने कमी", "उरलेल्यांपैकी". चौथीत मीही इथेच अडायचे. वजाबाकी यायची, ती कुठे करायला सांगितलीय ते कळायचं नाही. आमचं मॉडेल गणिताच्या नावाखाली त्यांचं मराठी मोजत होतं. सरांना ते पटलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. मी सविस्तर टीप लिहून अहवालाला जोडायला लावली. ती शेवटच्या पानांवर गेली, मुलांवरची संशयाची खूण पुढे तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत महादेवीचा फोन आला. तपासणीला शिक्षण खात्याची माणसं आली होती, दार लावून तीच परीक्षा पुन्हा घेतली. मुलांनी अवघड गणितं पुन्हा बरोबर सोडवली, सोपी पुन्हा चुकली. म्हणजे संशय फिटला, असं मी म्हटलं. ती म्हणाली,

"पोरं खोटी न्हाईत म्हणाले. वाचताच येत न्हाई म्हणाले. आता शाळा हायवेवरच्या शाळंत मिळवणार हायत."

मी टीप पुन्हा पाठवली, फोन केले, खात्याच्या कार्यालयात जाऊन बसले. सगळ्यांनी अदबीने ऐकून घेतलं. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. महादेवीची बदली झाली. काही मुलं नव्या शाळेत गेली. बऱ्याच मुलींना घरच्यांनी हायवेवर पाठवलं नाही.

यंदाचा डेटा आला, तेव्हा ऑफिसात सगळे खूश होते. इतकं चांगलं फिट आमच्याकडे कधी आलं नव्हतं. आपल्या मुली त्यात कुठेच नव्हत्या. मग मी इतर तालुके उघडले. एकामागून एक आलेख, ठिपके मुकाट रेषेवर. पूर्वी असे आलेख बघून मला बरं वाटायचं. आता वाटतं, इथून कोण कोण गेलं असेल? ते शोधायला माझ्याकडे काही साधन नाही.

पूर्वी घर म्हणजे न कळवता जाता येईल अशी जागा होती. आता अव्वा आधी गाडीची वेळ विचारून घेते. अप्पा स्टँडवर येत नाहीत. अलीकडच्या फाट्यावर गाडी थांबवायला सांगतात आणि मला गावातून न नेता शेतातल्या वाटेने घरी नेतात.