घरच्या कुणाला तरी घेऊन या

मधुमेहाचा पेशंट एकटाच आला की माझं डोकं फिरायचं. गोळ्यांचं त्याला समजावून सांगता येतं, पण तो खाणार काय हे त्याच्या हातात कुठं असतं? निदान आमच्या मुलुंडला, ऐंशीच्या त्या दशकात, ते नव्हतं. ताटात काय पडायचं ते घरची बाई ठरवायची. म्हणून मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवायची, "पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या, नाहीतर येऊच नका." मग बायको यायची, सून यायची, एखाद्याची म्हातारी आई यायची. मी पेशंटला बाजूच्या बाकावर बसवायची आणि सगळं तिला सांगायची. भात किती, चपात्या किती, चहात साखर का नको, उपासाला साबुदाणा का नको. पेशंट बिचारा आपल्याबद्दल नाहीच चाललंय असं तोंड करून भिंतीकडे बघत बसायचा.

नाहूरच्या बाजूला राहणारं एक मालवणी जोडपं माझ्याकडे यायचं. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला. त्याची साखर काही केल्या उतरेना. मी त्याच्या बायकोला झापलं, तर ती माझ्यावरच उलटली. "बाई, घरात मी तेंका गोडाक हात लावूक देनंय नाय! भायर काय खातत ता माका काय म्हायत?" पुढच्या खेपेला आली ती मुद्देमाल सापडलेल्या हवालदाराच्या थाटात. नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात मुंग्या! जिलबी कागदात बांधून खिशात ठेवत होता. "एकच तर होती गो," तो म्हणाला. त्यावरून दोघं माझ्यासमोर असे भांडले की बाहेरचे पेशंट पडद्याच्या फटीतून डोकवायला लागले. मी त्यांना हसत हसतच बाहेर काढलं. ते गेल्यावर मात्र मला एकदम ओकंबोकं वाटलं. माझ्या खिशात मुंग्या झाल्या असत्या तर कुणाच्या लक्षात आल्या असत्या?

माझा दवाखाना तळमजल्यावर होता आणि मी त्याच इमारतीत वर, तिसऱ्या मजल्यावर राहायची. आई होती तोवर घर होतं. दुपारी दवाखाना लांबला की ती गॅलरीतून हाक मारायची, "अगं, ते सगळे घरून जेवून आलेत, तू कधी जेवणार?" अख्ख्या रांगेला ऐकू जायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती गेली आणि गॅलरीतली हाक बंद झाली. भाऊ बडोद्याला, त्याचा संसार तिथं. लग्न मी केलं नव्हतं. त्याचं दुःख मला कधी फारसं झालं नाही, पण स्वतःपुरता कुकर लावायचं दुःख मात्र रोज व्हायचं. एका माणसाचं वरण म्हणजे वरण नव्हे, नुसता उपचार. म्हणून मी स्वयंपाकच सोडून दिला. सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-पाव, आणि रात्री पेढे.

पेढ्यांचं खोटं वाटेल, पण खरं आहे. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाला नोकरी लागली, कुणाकडे बारसं झालं, की पहिला बॉक्स माझ्या टेबलावर यायचा. "बाई, तुमच्यामुळं" असं म्हणून लोक ठेवून जायचे. आई असताना ती ते शेजारीपाजारी वाटून टाकायची. आता मी ते वर नेऊन फ्रीजमध्ये ठेवायची आणि रात्री ताटलीत चार घेऊन रेडिओसमोर बसायची. दुसऱ्यांच्या आनंदावर माझं जेवण उरकायचं.

मग तहान सुरू झाली. पाण्याचा तांब्या उशाशी पुरेना. ब्लाउज ढगळ झाले. हीच लक्षणं घेऊन कुणी माझ्यासमोर बसलं असतं तर पुरतं वाक्य होण्याआधी मी त्याच्या हातात बाटली देऊन लघवी आणायला पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मी उन्हाळ्याला दोष दिला. शेवटी एका दुपारी दवाखाना बंद करून परीक्षानळीत ते निळं औषध घेतलं, माझ्याच लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. बघता बघता विटकरी झालं. नळी घासून पुसून पुन्हा केलं. पुन्हा विटकरी. पेशंटची तपासणी असती तर मी एकदाच केली असती.

मुलुंडमध्ये कुणाला दाखवणं शक्य नव्हतं. आमच्याकडे दुपारी कळलेली गोष्ट संध्याकाळी नाहूर ओलांडून कांजूरमार्गला पोचायची. "बाईंनाच साखर आहे, त्या आपल्याला काय शिकवणार," हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. म्हणून मी पार्ल्याला गेले. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एका जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं नाव मी ऐकून होते, पण ओळख नव्हती. मी बाकावर नंबर लावून बसले. आपण पेशंट म्हणून बसलो की हातांचं काय करायचं ते कळत नाही. सारखी पर्स उघडत होते, बंद करत होते.

मी डॉक्टर आहे हे त्यांना सांगितलं. त्यांनी पार्ल्यातच करून घेतलेला रक्ताचा रिपोर्ट बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"आई," मी म्हणाले.

कसं म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. ठरवून खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं त्या प्रश्नाला तेच उत्तर होतं, ते आपोआप बाहेर पडलं. दुरुस्त करायला क्षणभर वेळ होता, तोही मी घालवला.

"मग पुढच्या वेळी आईंना घेऊन ये," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं? तुला सगळं येतं."

फी त्यांनी घेतली नाही. डॉक्टर डॉक्टरकडून घेत नाही म्हणाले. केसपेपरवर पत्ता मात्र लिहून घेतला.

पुढच्या महिन्यात मी एकटीच गेले. साखर तसूभरही हलली नव्हती. गोळ्या नियमित घेत होते, पण रात्री घरात शिरलं की तो फ्रीज आणि मी. डॉक्टर भडकले. "आईंना का आणलं नाहीस?"

"तिला आता प्रवास झेपत नाही."

"बरं नाही का त्यांना?"

मी मान हलवली. कशी हलवली ते त्यांनी त्यांच्या परीनं समजून घेतलं. "मग मीच येतो एखाद्या रविवारी. त्यांनाही बघतो आणि तुझ्या जेवणाचंही सांगतो." मला वाटलं, बोलण्याची रीत आहे. पार्ल्याहून मुलुंडला कोण व्हिजिटला येतंय?

ते आले. रविवारी सकाळी बेल वाजली आणि दार उघडलं तर ते धापा टाकत उभे. एका हातात व्हिजिटची बॅग, दुसऱ्या हातात जाळीच्या पिशवीत मोसंबी. "आईंसाठी," म्हणाले. चपला काढून आत आले, रुमालानं मान पुसली आणि आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणून विचारलं, "झोपल्यात का?"

हो म्हणावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर अजून थोडा वेळ त्या घरात दोन माणसं राहिली असती.

"आई नाही," मी म्हणाले. "गेल्या वर्षी गेली."

ते चांगलेच चिडले. चिडणारच, सत्तरीचा माणूस. "अगं, मग आधी बोलायला काय झालं होतं तुला? दादरला गाडी बदलली, हे तुमचे तीन जिने चढलो. मी आलो तरी कुणाला बघायला?"

"मला बघा," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी रोज पडद्याआडून ऐकायची. लोक रांग मोडून आत डोकावून म्हणायचे, बाई, आधी मला बघा. मी वसकन अंगावर जायची त्यांच्या. स्वतः म्हणताना मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी मोसंबी टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, बॅगेतून टॉर्च काढला आणि म्हणाले, "जीभ दाखव."

मी जीभ काढली आणि मला रडू फुटलं. जीभ बाहेर ठेवून रडता येत नाही. मी आत घ्यायची, हुंदका द्यायची, पुन्हा बाहेर काढायची. त्यांनी टॉर्च विझवून मांडीवर ठेवला.

"आधी रडून घे," ते म्हणाले. "मला घाई नाही."