आत्याचं डासाएवढं इंजिन

आमच्या आत्याला 'होत नाही' हे दोन शब्द ऐकूच येत नाहीत. बाकी कान इतके तिखट, की खरखरीतूनसुद्धा परदेशातला हौशी रेडिओवाला कोण बोलतोय ते ती ओळखते. शाळेत फिजिक्स शिकवून ती निवृत्त झाली, असं आम्ही म्हणतो. ती म्हणत नाही. अन्नपूर्णा भागातल्या तिच्या घराच्या गच्चीवर कपडे कमी आणि तारा जास्त. शेजारच्या वहिनींनी एकदा तक्रार केली, की तुमच्या ठिणग्यांमुळे आमच्या रेडिओवरची भजनं करकरतात. आत्याने माफी मागितली नाही. रेडिओ उघडून दुरुस्त करून दिला, आणि जाता जाता याहून बरी भजनं कुठल्या स्टेशनवर लागतात तेही सांगून आली.

त्या ठिणग्या उपग्रहासाठी होत्या. एका कॉलेजातल्या मुली आत्याच्या मदतीने हौशी रेडिओवाल्यांसाठी जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह बनवत होत्या. असले उपग्रह वरच्या विरळ हवेला घासत हळूहळू खाली येतात आणि जळून जातात. आत्याला हे मंजूर नव्हतं. तिने विजेवर चालणारं इंजिन बनवायला घेतलं. टेफ्लॉनच्या कांडीवर ठिणगी पाडायची, कांडीची कणभर वाफ होऊन मागे उडते, उपग्रह पुढे सरकतो. धक्का केवढा, तर अंगावर डास बसावा एवढा.

पलासियातल्या सरकारी ऑफिसात बैठक झाली, मीही सोबत होतो. उपग्रह तपासून मंजुरी देणारे साहेब म्हणाले, इंजिन काढून टाका, ठिणग्यांनी उपग्रहाचा रेडिओ बिघडेल. मुलींचे चेहरे उतरले. साहेब आत्याकडे वळून हसले. "मॅडमजी, इतने से धक्के से होगा क्या?"

"भिया, तिथली हवापण इतनीसीच आहे," आत्या म्हणाली. "ती रोज ओढणार, मी रोज ढकलणार."

मग तिने तांब्याच्या डबीत बंद केलेलं इंजिन टेबलावर ठेवलं, शेजारी रेडिओ लावला आणि साहेबांना ऐकायला बसवलं. आत ठिणग्या पडत होत्या, रेडिओ स्वच्छ बोलत होता. सही होईपर्यंत ती खुर्चीतून हलली नाही; चहासुद्धा साहेबांच्याच केबिनमध्ये मागवला.

उपग्रह वर गेला. सोबत सुटलेला बिनइंजिनाचा जोडीदार जळून गेला, तरी आत्याचा फिरतच होता. ही बातमी तिने भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवली. पुढे कांडी संपली. मुलींनी दबकत सांगितलं, आत्याजी, आता तो खाली येणार. येईल तेव्हा बघू, म्हणून ती अँटेना घेऊन गच्चीवर उभी राहायची.

एका संध्याकाळी त्याची डोक्यावरून जायची वेळ झाली, अँटेना आकाशभर फिरली आणि काहीच ऐकू आलं नाही. आता ही हवेला काय सुनावते, याची मी वाट बघत होतो. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"चांगला चालला ना रे?" एवढंच म्हणाली.

कुणाशी भांडावं हे आत्याला न सुचलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.